मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ड्रॅग कारला (सरळ ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीला) लाँचच्या वेळी, म्हणजे स्टार्ट लाइनवरून सुटताना, इंजिन बसतं (आरपीएम एकदम पडतात) किंवा टायर घसरतात. क्लच कोणता घ्यावा आणि कसा सेट करावा?

सर्वात कडक क्लच घेऊ नका. सिंटर्ड आयर्न डिस्क (लोखंडाची भुकटी दाबून-तापवून केलेली) आणि स्प्रिंगचा दाब व फिरताना दाब वाढवणारी वजनं दोन्ही बदलता येणारी प्रेशर प्लेट (डिस्क दाबून धरणारा भाग) घ्या. सुटताना क्लच थोडा घसरायलाच हवा. पेडल सोडताच तो घट्ट धरला, तर सगळा झटका टायर आणि ॲक्सलवर जातो. सुरुवातीची पकड स्प्रिंगची, जास्त आरपीएमची पकड वजनांची. फिरणाऱ्या वजनाचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३००० च्या तुलनेत ६००० ला चौपट. म्हणून लाँचला इंजिन बसलं किंवा टायर घसरले तर स्प्रिंगचा दाब कमी करा. वरच्या गिअरमध्ये क्लच घसरला तर वजन वाढवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळतच नाही. इंजिन आणि इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) यांच्या आरपीएमची नोंद (लॉग) असेल तर अंदाज लावत बसावं लागत नाही.

मात्र डिस्क झिजते तसा कॉइल स्प्रिंगचा दाब उतरतो, त्यामुळे आज जमलेली सेटिंग काही रननंतर पुन्हा तपासावी लागते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हा क्लच नको.