कॅम्पर घेण्याआधी दाराचं स्टिकर वाच
टोयोटाची टॅकोमा पिकअप घेतलीस, छान! पण ब्रोशरमधला ओढण्याचा आकडा बघून कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, ठरवू नकोस. ड्रायव्हरचं दार उघड. माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील, ते चौकटीवरच्या स्टिकरवर आहे. मिडसाइज ट्रक अडतो तो तिथेच. भरलेला कॅम्पर ५,००० पाउंडांचा असेल, तर १० ते १५ टक्के, म्हणजे ५०० ते ७५० पाउंड भार हिचवर, म्हणजे ट्रक आणि कॅम्पर जोडणाऱ्या भागावर येतो, आणि तोही स्टिकरच्या आकड्यात धरायचा. त्यात तुम्ही चौघं, कूलर, खुद्द हिच... संपला हिशोब. पण हिचवरचा भार कमी करायला सामान कॅम्परच्या मागच्या टोकाला ढकलू नकोस, हायवेवर तो डोलायला लागेल. डोललाच, तर ट्रकचा ब्रेक दाबू नकोस. स्टिअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटर सोड आणि ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त कॅम्परचे ब्रेक लाव. कंट्रोलर नसेल तर रॉकीज पर्वतांच्या उतारावर जाऊच नकोस.