क्रॅग हॅकला जरा सुट्टी द्या

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की हीरो निवडताना मी त्याची ताकद नाही, खोड बघते. त्यावर बरीच पत्रे आली, आणि जवळजवळ सगळी 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' बद्दलच. खेळ १९९९ चा, पण पत्रांतला आवेश कालच विकत घेतल्यासारखा. म्हणून हे सदर या वेळी त्याच एका खेळाला दिले आहे. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी: हा संगणकावरचा, आळीपाळीने खेळायचा डावपेचांचा खेळ. आपण एक शहर (स्ट्राँगहोल्ड, टॉवर, डंजन, कॅसल, नेक्रोपोलिस, रॅम्पार्ट वगैरे) आणि त्याचा एक हीरो निवडायचा आणि फौज घेऊन नकाशावर फिरायचे. एक पाळी म्हणजे खेळातला एक दिवस, अशा सात दिवसांचा आठवडा.

ताई, मी कायम स्ट्राँगहोल्ड घेतो आणि हीरो म्हणून क्रॅग हॅक. बहुतेक डाव जिंकतो. पण हल्ली दुसऱ्या आठवड्यातच कंटाळा येतो. खेळ जुना झाला की मी?

खेळ जुना झालेला नाही आणि तुम्हीही नाही. अडचण क्रॅग हॅकची आहे, कारण त्याला तुमची गरजच पडत नाही. सुरुवातीलाच अटॅक ४, ऑफेन्स (हातघाईतला मार वाढवणारे स्किल) ॲडव्हान्स्ड, म्हणजे बेसिक आणि एक्स्पर्ट यांच्या मधल्या पायरीवर, आणि खासियतही ऑफेन्सचीच, म्हणजे प्रत्येक लेव्हलला ते स्किल आणखी पाच टक्क्यांनी धारदार होणार. त्याला शत्रूकडे तोंड करून उभे करायचे आणि आपण चहा घेऊन यायचा. माझा धाकटा भाऊ वर्षानुवर्षे हाच हीरो घेत आला आहे आणि मला हरवत आला आहे, त्यामुळे यात थोडी असूया आहे, हे कबूल करते.

त्याच्याविरुद्ध मी पहिल्यांदा टॉवरचा सॉलमिर घेतला तो त्याची गोष्ट वाचून. हीरोच्या पडद्यावर चित्राला राइट क्लिक केले की चरित्र दिसते. कितीतरी जण ते कधी उघडतच नाहीत. सॉलमिर हा जिनी. जवळजवळ हजार वर्षे बाटलीत अडकलेला. ज्याने सोडवले त्या गॅव्हिन मॅग्नसची कायमची चाकरी करायची शपथ त्याने घेतली. अशा माणसाला (बरं, जिनीला) घरी बसवायचे कसे?

त्याच्या स्पेलच्या, म्हणजे मंत्रांच्या, वहीत पहिल्या दिवसापासून चेन लायटनिंग असते, एकावरून दुसऱ्यावर उडणारी वीज. चौथ्या पातळीचा स्पेल, जो इतरांना मिळेपर्यंत अर्धा डाव सरतो. ऐकायला राजयोग वाटतो ना? आता हिशेब करा. सॉलमिर वर्गाने विझार्ड, त्याचे नॉलेज ३, म्हणजे मॅना (स्पेल टाकायला लागणारी शक्ती) ३०. विजेचा खर्च २४. म्हणजे एक वीज, आणि मग हात चोळत बसा. उरलेल्या सहात दुसरी पडत नाही. रोज एक मॅना परत येतो, नाहीतर विहीर शोधा किंवा मेज गिल्ड असलेल्या शहरात रात्र काढा. त्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रत्येक पहारेकऱ्यासमोर एकच प्रश्न पडतो: याच्यावर वीज खर्च करायची की पुढच्यासाठी ठेवायची? क्रॅग हॅक असा प्रश्न तुम्हाला कधी विचारणार नाही.

वर त्या विजेला आपले-परके कळत नाही. पहिल्या तुकडीवर पडली की उडी घेते ती सगळ्यात जवळ जो असेल त्याच्यावर, निम्म्या जोराने. मग पुढच्यावर त्याच्याही निम्म्याने. हे मी पुस्तिकेत वाचले होते आणि विसरले होते. पहिल्याच लढाईत गारगॉइल मोठ्या ऐटीत शत्रूला नेऊन भिडवले आणि मग वीज टाकली. शत्रूला शंभरावर मार बसला खरा, पण तिथून पहिलीच उडी माझ्याच गारगॉइलवर. तीन गेले. भाऊ शेजारीच बसला होता. काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून मी आधी वीज टाकते आणि मग सैन्य हलवते, आणि ही शिस्त मला सॉलमिरने लावली.

डंजन आवडत असेल तर जेडाइट घेऊन बघा. हा आणखी चमत्कारिक. सुरुवातीलाच रिझरेक्शन, मेलेले उठवणारा स्पेल. जेडाइट वर्गाने वॉरलॉक, त्याचा मॅना २० आणि स्पेलचा खर्चही बरोब्बर २०. एकदा उठवले की पेटी रिकामी. आणि खरी मेख पुढे आहे: अर्थ मॅजिक (पृथ्वीतत्त्वाच्या जादूचे स्किल) निदान ॲडव्हान्स्ड नसेल तर उठवलेले सैनिक लढाई संपताच पुन्हा नाहीसे होतात. ट्रॉग्लोडाइट पडले, तुम्ही उठवले, त्यांनी लढाई जिंकून दिली आणि निघून गेले. मोठे नुकसान टाळायला याचा उपयोग होतो, पण फौज राखायला नाही. मग प्रत्येक लेव्हलला अर्थ मॅजिक दिसते का म्हणून डोळे लावून बसावे लागते. दिसले की दुसरे काही बघायचे नाही, तेच घ्यायचे.

आणि स्ट्राँगहोल्ड सुटतच नसेल तर यॉग घ्या. आईकडून जिनीचे रक्त, वाढला जादूगारांत, आणि जादूचे शिक्षण टाकून रानटी योद्धा व्हायला निघाला. २००० च्या 'द शॅडो ऑफ डेथ' मध्ये त्याची स्वतंत्र मोहीमच आहे. साध्या नकाशावर मी त्याला एक नियम लावते: गिल्डमध्ये पाचशे सोन्यात मिळणारी स्पेलची वही घ्यायची नाही, कधीच. ऑफेन्स, बॅलिस्टिक्स (तटबंदी फोडायचे स्किल) आणि सायक्लॉप्स (एकडोळे राक्षस) एवढ्यावर निभवायचे. दोनदा हरले आहे. तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा शेवटच्या किल्ल्याची भिंत सायक्लॉप्सनी दगड मारून पाडली, आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

कॅसलमध्ये पैशासाठी केटलिन घ्यावी की लॉर्ड हार्ट? आमच्यात यावरून भांडण आहे.

केटलिन रोज ३५० सोने आणते, काही न करता. आठवड्याचे २४५०, म्हणजे टॅव्हर्नमधल्या नव्या हीरोची किंमत भरायला फक्त ५० कमी. तिला शहरातून बाहेर काढलेच नाही तरी हे मिळते.

हार्टचे एस्टेट्स स्किल बेसिकला रोज १२५ देते, आणि खासियत म्हणून लेव्हलमागे पाच टक्के वर. म्हणजे सुरुवातीला जेमतेम १३१. पण स्किल एक्स्पर्ट झाले की मूळ आकडाच ५०० होतो. नशीब साथ देईल तर हे तिसऱ्या लेव्हललाच होते, आणि तेव्हा तो दिवसाला ५७५ आणतो. फक्त त्यासाठी त्याला मैदानात उतरवावे लागते, आणि जो लढायला जातो तो मरूही शकतो. शिवाय आठ स्किलपैकी एक जागा पैशाने अडवली.

माझे मत केटलिनकडे झुकते, पण डाव रंगतो हार्टमुळे. लढणारा सावकार! त्याला जपताना जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते.

मी अकरा वर्षांचा आहे. मला नेक्रोपोलिसमधला सँड्रो आवडतो, कारण त्याचा चेहरा भारी आहे. बाबा म्हणतात विडोमिना घे, सँड्रो बेकार आहे. कोण बरोबर?

आकड्यांत बाबा बरोबर आहेत. विडोमिनाला नेक्रोमन्सी ॲडव्हान्स्ड मिळते आणि खासियतही तीच, म्हणून प्रत्येक लढाईनंतर तिच्यामागे सांगाड्यांची रांग वाढत जाते. सँड्रोची खासियत सॉर्सरी, म्हणजे मार देणाऱ्या स्पेलचा जोर वाढवणे. आणि सुरुवातीला त्याच्याकडे स्पेल कोणता? स्लो. त्याने कोणाला ओरखडाही येत नाही! म्हणजे बिचाऱ्याची खासियत पहिले काही दिवस खिशातच राहते.

तरी तू सँड्रोच घे. चेहरा आवडला हे कारण मला पुरेसे वाटते. स्लोला कमी समजू नकोस. तुझे सांगाडे मुळात हळू चालतात. शत्रूलाही हळू केलेस की सांगाड्यांना पुढे सरकायला वेळ मिळतो. मग गिल्डची पातळी वाढव आणि मारणारा स्पेल मिळेपर्यंत दम धर.

आणि बाबांना चकित करायचे असेल तर पुढच्या डावात थँट घे. त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून ॲनिमेट डेड असते. एका वेळी वीसेक मेलेले सांगाडे उठतात, आणि जेडाइटसारखे लढाईनंतर पळून जात नाहीत, कायमचे राहतात. वीस मॅनातले पंधरा जातात. पण त्याला मिस्टिसिझम असल्यामुळे दिवसाला दोन परत येतात, म्हणजे पाच दिवसांनी पुन्हा तयार. मधले चार दिवस कुठे भटकायचे ते तू ठरव.

रॅम्पार्टमध्ये उफ्रेटिन घेतला तर तो बाकीच्यांपेक्षा कमी चालतो. बग आहे का?

बग नाही, बुटके आहेत. दिवसाच्या सुरुवातीला सैन्यात जो सगळ्यात हळू असेल त्याच्यावरून हीरोची चाल ठरते. ड्वार्फचा वेग ३, म्हणून चालीचे १५०० गुण मिळतात. सोबत फक्त सेंटॉर असते, वेग ६, तर १७०० मिळाले असते. गवतावर सरळ जाताना नकाशाच्या एका घराला १०० लागतात, म्हणजे रोज दोन घरे मागे. आठवड्यात चौदा घरे, आणि तेवढ्यात शेजारी तुमची सोन्याची खाण घेऊन जातो.

ड्वार्फ शहरात ठेवून निघता येते, पण मग उफ्रेटिन घेतला कशाला? त्याची खासियतच ड्वार्फ. मी त्याला लांब पाठवत नाही. घराजवळच्या खाणी आणि पेट्या त्याच्याकडे, आणि लांबच्या धावपळीला टॅव्हर्नमधून दुसरा हीरो. लॉजिस्टिक्सची खासियत असलेली किरे तिथे मिळाली तर काय हवे! त्या जोडीला घरी आम्ही 'काका आणि भाची' म्हणतो.

ईगल आयवाला हीरो कोणी मुद्दाम घेते का?

मी एकदा घेतली होती, कॅसलची सान्या. या स्किलमुळे शत्रूने लढाईत टाकलेला स्पेल आपल्याला शिकता येतो, बेसिकला शंभरात चाळीस वेळा, तेही फक्त पहिल्या-दुसऱ्या पातळीचे. भावाला हे माहीत होते. त्याने अख्ख्या डावात एकही स्पेल टाकला नाही. क्रॅग हॅकच होता ना त्याचा, त्याला कशाला लागतात स्पेल.

नवरा म्हणतो रँडम हीरो घेणे हाच खरा खेळ. मला ते जुगारासारखे वाटते. एकाच संगणकावर आळीपाळीने खेळतो.

रँडम वाईट नाही, पण दोघांनी रँडम घेऊन एकाला लॉजिस्टिक्सवाला गनर आणि दुसऱ्याला जहाजवाली सिल्विया मिळाली, आणि नकाशावर पाण्याचा थेंब नाही, तर त्याला डाव म्हणता येत नाही. आमच्याकडे वेगळी पद्धत आहे: माझा हीरो भाऊ निवडतो आणि त्याचा मी. अट एकच, स्वतःला जो घ्यायला लाज वाटेल तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

पहिल्यांदा असे खेळलो तेव्हा मी त्याला उफ्रेटिन दिला, आणि त्याने मला क्रॅग हॅक. मी चहा करायला उठले नाही, पण दुसऱ्या आठवड्यात मला जांभई आली, आणि पलीकडे तो त्या बुटक्यांना दोन-दोन घरांसाठी शिव्या घालत होता. डाव मी जिंकले. रात्रभर बोलत मात्र तो होता.