कातळाच्या पायथ्याशी घ्यायचा निर्णय

प्रश्न : मी आणि माझा मित्र गेली चार वर्षे नियमितपणे प्रस्तरारोहण करतो, मात्र आमचे सगळे अनुभव १,००० मीटरपेक्षा कमी उंचीवरचे आहेत. आता ३,००० मीटरवर असलेल्या रस्त्याच्या टोकापासून ६ किलोमीटर चालून ३,७५० मीटरवरच्या एका कातळभिंतीचा पायथा गाठायचा, १५० मीटरची ती भिंत चार पिचमध्ये (दोराच्या टप्प्यांत) चढायची आणि त्याच दिवशी परतायचे, असा आमचा बेत आहे. रात्रभर प्रवास करून पोहोचायचे आणि सकाळी सहाला निघायचे असे ठरले आहे. आमच्याकडे ६० मीटरचा एक दोर आहे. मुक्काम नसल्यामुळे विरळ हवेची वेगळी तयारी करावी लागेल का?

उत्तर : करावी लागेल, आणि ती घरी व्यायाम वाढवून होणार नाही. ३,९०० मीटरवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असले, तरी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. उत्तम दमसास असलेल्या माणसालाही विरळ हवेचा त्रास तितकाच होऊ शकतो. किंबहुना धडधाकट माणूस भराभर वर जातो, म्हणून तोच अनेकदा अडचणीत सापडतो. रात्रीचा प्रवास रद्द करून आधीच्या दोन रात्री २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान काढाव्यात, असा माझा आग्रह आहे. ॲसिटाझोलामाइड ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल, तर ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. झोपेची गोळी मात्र टाळावी.

आता वेळेचा हिशेब मांडू. ताशी ५ किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला एक तास जादा, हा १८९२ मध्ये नेस्मिथ यांनी सांगितलेला ठोकताळा लावला, तर आपली चाल अडीच तासांची होते. पण पाठीवर साहित्य आणि विरळ हवा धरून ती पावणेचार तासांची मानावी. दर पिचला पाऊण तास धरला तरी भिंतीवर तीन तास जातात. म्हणजे सकाळी सहाला निघाल्यास माथ्यावर पोहोचायला दुपारचा एक वाजून जाईल, आणि डोंगरात ढग जमून विजा कडाडण्याची शक्यता दुपारीच वाढते. हातात धातूचे साहित्य घेऊन उघड्या कड्यावर उभे राहण्याची ही वेळ नव्हे. पहाटे साडेतीनला निघावे. अंधारातली चाल कंटाळवाणी असते, पण ती वाट आदल्या दिवशी थोडी पाहून ठेवता येते.

आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मला दोराची वाटली. ६० मीटरचा एकच दोर दुहेरी करून रॅपल केले (दोरावरून खाली उतरले), तर एका टप्प्यात जेमतेम ३० मीटर उतरता येते. आपल्या पिच सरासरी ३७.५ मीटरच्या आहेत. खाली चालत येण्याची वाट नसेल, तर मधल्या अँकरपर्यंत (कातळात दोर बांधण्याच्या पक्क्या जागेपर्यंत) दोर पोहोचणारच नाही. दोन दोर न्यावेत, आणि प्रत्येक रॅपलपूर्वी दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारावी, म्हणजे टोक डिसेंडरमधून (उतरताना दोराला आवर घालणाऱ्या साधनातून) निसटणार नाही.

एकदा अशाच उंचीवर माझ्या जोडीदाराने बिले देण्यापूर्वी (चढणाऱ्याचा दोर सांभाळण्यापूर्वी) कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवला आणि ‘लॉक’ असे मोठ्याने सांगितलेही. मी बोटाने दाबून पाहिले तर गेट सहज आत गेले. हातमोज्यांमुळे स्क्रू अर्धाच फिरला होता. थंडीने बधिर झालेली बोटे आणि मंदावलेले डोके यांवर विसंबू नये. एकमेकांची गाठ, हार्नेसचे (कमरेच्या पट्ट्याचे) बक्कल आणि कॅराबिनर हाताने चाचपून पाहावे. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून उबदार जॅकेट सॅकच्या तळाशी न ठेवता वर ठेवावे. भिंतीवर तर प्रत्येकाचे जॅकेट हार्नेसलाच अडकवलेले असावे. हेल्मेट पायथ्यापाशी पोहोचण्याआधीच डोक्यावर हवे, कारण वरून सुटलेला दगड आपण दोर बांधेपर्यंत थांबत नाही. पाणी, खाणे, हेडटॉर्च, गॉगल यांची यादी आपल्याकडे असेलच.

चालताना डोके दुखू लागले, तर मागे फिरणे सोपे असते; दुसऱ्या पिचवर मळमळू लागले, तर प्रत्येक अँकर तपासत, दोर ओढत, तासाभराने पायथा लागतो. म्हणून दोर बांधण्यापूर्वी २० मिनिटे बसावे, काहीतरी खावे आणि एकमेकांना स्पष्ट विचारावे. डोकेदुखीबरोबर मळमळ, भोवळ किंवा अवाजवी थकवा असेल, तर त्या दिवशी भिंत चढू नये. सरळ रेषेत चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागीही धाप लागत असेल, तर जराही न थांबता खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. आठ वाजेपर्यंत पायथा गाठता आला नाही, तरीही परतायचे, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे. दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटले, तर दुसऱ्याने कारण विचारत बसू नये.

विरळ हवेची लक्षणे बहुधा वर गेल्यानंतर सहा ते बारा तासांनी दिसतात, त्यामुळे आपली डोकेदुखी गाडीपाशी परतल्यावरही सुरू होऊ शकते. त्या संध्याकाळी लांबचा प्रवास ठेवू नये. पहाटे तीनपासून जागे असलेल्या माणसाने घाट उतरताना गाडी चालवणे हा वेगळाच धोका आहे. शक्य तितक्या खालच्या गावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघावे.