डायनासोरच्या शेणातलं गवत

प्रश्न : माझ्या सहावीतल्या मुलीने डायनासोरचं चित्र काढलं, पायाखाली मस्त हिरवंगार गवत. शाळेत बाईंनी गवतावर लाल पेनने फुली मारली, म्हणे तेव्हा गवत नव्हतंच. घरी आल्यावर रडारड. मी नेटवर शोधलं तर कुठे होतं म्हणतात कुठे नव्हतं. माझं माहेर वरोऱ्याकडचं, तिथे पिसदुऱ्याला डायनासोरचं शेण सापडतं असं लहानपणापासून ऐकतेय. त्यावरून काही कळतं का, की शेण ते शेणच?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या माहेरच्याच मातीत आहे, खरंच सांगतो!

आधी बाईंची बाजू. त्या वाटेल ते सांगत नव्हत्या, बऱ्याच वर्षांपर्यंत पुस्तकांत तेच होतं. गवताचे खात्रीचे सगळ्यात जुने फॉसिल साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते आणि डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे दोघांची गाठच पडली नाही असा सरळ हिशोब. पण त्यात एक गोम आहे. गवताला ना हाड ना लाकूड, ते कुजून जातं, त्यामुळे सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं धरून चालत नाही. पहिला फॉसिल एवढंच सांगतो की ती गोष्ट निदान तेव्हापासून तरी होती, त्याच्या आधी किती हे तो सांगू शकत नाही.

आता पिसदुरा. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे त्या लाव्ह्याच्या थरांखाली काही ठिकाणी लामेटा नावाचे जुने थर डोकं वर काढतात, त्यातलंच हे एक ठिकाण. टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेचे अवाढव्य शाकाहारी डायनासोर, त्यांची हाडं इथे मिळाली आणि सोबत दगड झालेलं शेण. लखनौच्या बिरबल साहनी इन्स्टिट्यूटच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं शेण मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि २००५ मध्ये जाहीर केलं की यात गवत आहे, तेही एक नाही, निदान पाच प्रकारचं!

पण गवत कुजतं म्हणालात ना मग दिसलं कसं, असं तुम्ही विचारालच. उसाच्या फडात कधी गेला असाल तर माहीत असेल, पानं हाताला कशी सपासप कापतात. गवताच्या जातीची झाडं मातीतली सिलिका, म्हणजे वाळू ज्याची असते तेच, मुळांतून ओढून पानांच्या पेशींत साठवतात. तिचे बारीक खडे होतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजतं, पोटात पचतं, पण खडा तसाच राहतो, आणि गवतागवतात त्याचा आकार वेगळा असतो त्यामुळे जाणकाराला तो बघून जात ओळखता येते. इथले काही खडे बांबू आणि भाताच्या गोतावळ्यातले निघाले, आणि २०११ मध्ये तर थेट भाताच्या कुळापर्यंत माग लागला.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की एवढे प्रकार एका दिवसात होत नाहीत, म्हणजे गवताची सुरुवात त्याच्याही बरीच आधी झालेली असणार. आपला भारत तेव्हा बेटासारखा एकटाच उत्तरेला सरकत होता, त्यामुळे भारत बाकीच्या खंडांपासून तुटायच्या आधीच गवताच्या शाखा फुटून पसरल्या होत्या असं त्या लोकांचं म्हणणं आहे. दुसरं म्हणजे त्या काळात दक्षिणेकडच्या खंडांवर गोंडवानाथेरियन नावाचे छोटे सस्तन प्राणी होते, त्यांचे दात घोड्यासारखे उंच, घासून घासून खाणाऱ्याचे. गवत नाही तर हे दात कशाला, हे कोडंच होतं, आता निदान एक उत्तर मिळालं.

पण म्हणून डायनासोर गाईसारखे चरत होते असं नका धरू. त्याच शेणात ताडवर्गातली झाडं, सूचिपर्णी झाडं, इतर झाडपाला यांचेही अंश आहेत, गवत आपलं तोंडी लावण्यापुरतं. आणि मैलोन् मैल पसरलेली गवताळ रानं तर फार नंतरची, डायनासोर जाऊन कोट्यवधी वर्षं झाल्यावरची.

तेव्हा लेकीला सांगा, गवत पुसू नको, पण गालिचा पण नको, झाडांखाली इथे तिथे झुबके काढ. आणि टायटॅनोसॉरच्या मागे शेणाचा एक मोठा पो काढायला विसरू नको म्हणावं, बाईंनी विचारलंच तर बोट त्याच्याकडे दाखवायचं.