सोलापुरात घरच्या किराणा व पेट्रोलच्या दरांची अनेक वर्षांची नोंद कशी ठेवावी?

वस्तू मोजक्याच घ्याव्यात, पण त्यांचा प्रकार, वजन आणि दुकान शक्यतो बदलू नये. कारण मालदांडी ज्वारीची तुलना पुढच्या महिन्यात दुसऱ्या वाणाशी झाली, तर वहीत दिसणारी वाढ खरी भाववाढ नसते. पाकीटबंद मालाची छापील किंमत तीच ठेवून आतले वजन कमी केले जाते, म्हणून दर नेहमी प्रति किलो किंवा प्रति लिटर काढून लिहावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते आणि कांद्याचे भावही हंगामानुसार हलतात. त्यामुळे मागच्या महिन्याशी नव्हे, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. बाजार समितीतील भाव क्विंटलचे आणि घाऊक असतात, ते किरकोळ दरांत मिसळू नयेत. पेट्रोलचे दर 16 जून 2017 पासून देशभर रोज ठरू लागले, तेव्हा महिन्याची एक ठरावीक तारीख धरून नोंद केलेली बरी. पडताळणीसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे कामगार कुटुंबांच्या नेहमीच्या खरेदीचे दर किती बदलले हे दाखवणारा सरकारी आकडा, पाहावा. 2016 हे पायाभूत वर्ष (ज्या वर्षीचे दर 100 धरून तुलना होते) असलेल्या त्या मालिकेत सोलापूर हे स्वतंत्र केंद्र आहे, म्हणजे शहराचा आकडा वेगळा मिळतो.