ओपन सोर्स ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा, सगळ्यांना खुला असलेला कोड) लिहिताना लोकांना दिसणारं काम आधी करावं की पायाचं?

आधी स्क्रीनवर काहीतरी चालतं करून दाखवा, पण ते एकदा चाललं की नवीन फीचरच्या मागे न धावता पॅच (कोडमधले बदल) मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घालायला बसा, कारण बाहेर पडून राहिलेला पॅच दर नऊ-दहा आठवड्यांनी नवीन कर्नल आला की परत बसवावा लागतो आणि ती मेहनत कोणालाच दिसत नाही. ॲपलच्या एम१ चिपवर लिनक्स चालवणाऱ्या ‘असाही लिनक्स’ (Asahi Linux) या प्रकल्पाचे प्रोग्रेस रिपोर्ट वाचा, त्यात हे सगळं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) ड्रायव्हर ओपनजीएल या ग्राफिक्स मानकाच्या नुसत्या २.१ आवृत्तीवर लोकांच्या हातात दिला, डेस्कटॉप नि जुने गेम चालायला तेवढं पुरलं, लोक वापरायला लागले, बग कळवायला लागले, मग फेब्रुवारी २०२४ पर्यंत ४.६ झालं. पण तोवर कर्नलचे पॅच साठले होते, म्हणून २०२५ मध्ये एम३, एम४ या नव्या चिप मागे ठेवून अपस्ट्रीमिंग, म्हणजे पॅच मूळ कर्नलमध्ये घालणं, पुढे घेतलं, मला तर हे शंभर टक्के पटतं. फक्त युजरस्पेसशी (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमशी) बोलणारा इंटरफेस घाईने अपस्ट्रीम करू नका, एकदा आत गेला की तो मोडायची परवानगी नसते.