टीबीच्या गोळ्या आणि भुईआवळ्याचा रस

"मॅडम, या गोळ्यांनी लिव्हर जातं म्हणतात. भुईआवळ्याचा रस देऊ का?" क्षयरोग केंद्रात हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. या काकूंनी मात्र देऊनच टाकला होता. शिवाय गुळवेलीचा काढा आणि मेडिकलमधून आणलेलं सिलिमरिनचं (यकृतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पती-अर्काचं) टॉनिक. मुलगा पंचविशीचा, उपचार नुकतेच सुरू झालेले. लघवी नारिंगी झाली, ती काकूंना कावीळ वाटली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तो रंग रिफाम्पिसिनचा. त्यानं घाम आणि अश्रूही रंगतात. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. मुलाचे डोळे उजेडात पाहिले, स्वच्छ होते.

पण काकूंची भीती निराधार नव्हती. चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यकृताला त्रास देऊ शकतात. बहुतेकांना देत नाहीत. ज्यांना देतात त्यांना बहुधा पहिल्या दोन महिन्यांत.

"झाडपाल्यानं काय होणार?"

"काकू, धोतराही झाडपालाच."

भुईआवळ्याचे उंदरांवरचे प्रयोग आशादायक आहेत. सिलिमरिनच्या टीबी रुग्णांवरच्या चाचण्या मात्र एकसुरात बोलत नाहीत. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. माझी अडचण साधी आहे: उद्या एसजीपीटी (रक्ततपासणीतला यकृताच्या इजेचा निर्देशक) वाढलं, तर गोळीनं की काढ्यानं, हे कसं ओळखायचं? आणि संशयापोटी टीबीच्या गोळ्या थांबवाव्या लागल्या तर नुकसान मुलाचंच.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. शनिवारी मित्रांबरोबर बिअर चालू होती. "आई रस देते ना, त्यानं भरून निघतं." मला काढ्यापेक्षा या हिशेबाची जास्त काळजी वाटली. दारूनं या गोळ्यांचा यकृताला असलेला धोका वाढतो आणि त्यावर उतारा ठरेल असा रस नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. "आईला सांगू नका" म्हणाला. नाही सांगितलं. डॉक्टरांना मात्र त्यानं स्वतः सांगायचं, असं ठरलं, त्यानं सांगितलंही.

एसजीपीटी किंचित वाढलेलं, सामान्य मर्यादेच्या दुपटीच्या आतच. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या, रस-काढा-टॉनिक बंद केलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना जाणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं, हे मायलेकांकडून वदवून घेतलं.

"मग मी त्याला द्यायचं तरी काय?" काकूंचा खरा प्रश्न हा होता. अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे, पोटभर भाकरी. टीबी रुग्णांच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये मिळतात, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाच्या खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, म्हणून उरलेला वेळ बँकेसाठी कागद जमवण्यात गेला.